दुसरी प्रत

एकतीस वर्षं मी खोट काढायचं काम केलं.
स्वीडनच्या दक्षिणेला, स्मोलंडच्या जंगलात,
तळ्याकाठच्या काचभट्टीत
उत्तरेच्या खिडकीशी माझं टेबल.
मागे काळं कापड, बोटांत मेणाची लाल कांडी.
भांडं उचलायचं, फिरवायचं, उजेडाला धरायचं.
बुडबुडा दिसला, की खूण.
शीर दिसली, की खूण.
काठ एका अंगाला कलला असेल, तर दोन.
पहिली प्रत गवतात निजून स्टॉकहोमला जाई.
दुसरी मागच्या दाराशी, खोक्यात, निम्म्या दामात.
तिसरी परत भट्टीत.

घरीही सवय सुटेना.
पावाची करपलेली कड,
नवऱ्याच्या हनुवटीवर वस्तऱ्यातून निसटलेले चार केस,
धाकट्या सिगनेचा डावा डोळा, जरासा तिरपा चालणारा.
मी काही बोलत नसे.
पण पोर माझ्याशी बोलताना
मान वळवून उजवी बाजू पुढे करायला शिकली.

राग्नवाल्ड फुंकायचा.
तरुणपणी ओंडका पडून त्याचा खांदा अधू झालेला.
नळी फिरवताना दर फेऱ्याला एक आचका,
म्हणून त्याचं प्रत्येक भांडं डावीकडे झुकलेलं,
वाऱ्याकडे पाठ करून वाढलेल्या बर्चसारखं.

नोव्हेंबरात तळं पहिल्यांदा गोठलं
की तो बर्फावर पालथा पडून राही.
चिखलातून निघालेली हवा
वर येता येता थंडीने पकडलेली,
पांढरे चपटे बुडबुडे, एकावर एक,
कुणी नाण्यांची चवड रचून विसरून गेल्यासारखे.
दाढीला हिमाचे कण घेऊन तो भट्टीवर परते
आणि कुणाशी न बोलता नळी उचले.

त्या वर्षीचा वाडगा माझ्या टेबलावर आला.
फिकट, हिरवटसर, आतून धुकं धरलेला.
मी मोजून अकरा खुणा केल्या.
तो वाकून बघत राहिला, मग म्हणाला,
"गुन्वोर, एवढं झालं की तळ्यावरही जाऊन ये.
तिथे पुष्कळ लाल रंग लागेल."

मला राग आला. चांगला आठवडाभर राहिला.
गुरुवारी रात्री भट्टीच्या धगीत हेरिंग भाजले,
सगळे बाकांवर दाटीने बसले,
तेव्हा त्याने माझ्या ताटलीत मोठा मासा सरकवला.
मी खाल्ला. आभार मानले नाहीत.

वाडगा कुणी घेतला नाही.
भट्टी विझवली त्या दिवशी
मी तो कोटाखाली धरून घरी आणला.
पैसे भरले नाहीत. ही चोरी समजा.
राग्नवाल्ड तोवर देवळामागच्या पाइनखाली होता.

आता उन्हाळ्यात पाहुणे येतात,
बुडबुड्यावर बोट ठेवून हळवे होतात:
"ह्यात त्याचा श्वास आहे!"
नाही. तो वाळूचा आणि सोड्याचा वायू,
नीट न शिजलेल्या काचेचा.
राग्नवाल्डचा श्वास म्हणजे ती पोकळी,
जिच्यात मी बटाटे ठेवते.

शहरात म्हणे आता यंत्रच बुडबुडे घालतं,
मोजून, ठरल्या जागी, सगळे एका मापाचे.
त्यांत खोट नाही.
म्हणून तर ते खोटे.

दहा खुणा मी नखाने खरवडून काढल्या.
अकरावी बुडाशी आहे, वाडगा जिच्यावर टेकतो तिथे.
ती ठेवलीय. ती माझ्या हातची.

परवा सिगने आली, पन्नाशीची, दलदलीतून
चिखलाचे बूट आणि भांडंभर पिवळी हिवरबेरी घेऊन.
बेरी संपल्यावर तिने वाडगा उचलला,
खिडकीच्या उजेडात डाव्या डोळ्याशी धरला
आणि त्यातून माझ्याकडे बघत राहिली, सरळ,
मान न वळवता.
"आई," म्हणाली, "तू सगळी वाकडी दिसतेस."
मग आम्ही दोघी हसलो,
आणि रस तिच्या कोपरापर्यंत ओघळला.